घर विकलं की 20 टक्के सरकारला? त्या फॉरवर्डचा जरा हिशोब करू

सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, अगदी भिशीच्या ग्रुपवर पण एक मेसेज फिरतोय: घर विकलं तर पूर्ण रकमेच्या 20 टक्के टॅक्स, वर 18 टक्के जीएसटी, नवीन घर घेतल्यावरची सवलत 2024 पासून बंद, माफी फक्त सीनियर सिटिझनला आणि वडिलोपार्जित घराला, म्हणून दस्त कमीचा करा आणि बाकीचे कॅश घ्या. सोलापुरातलं घर विकून पुण्याला पोरांकडं निघालेली लई माणसं हे वाचून घाबरलीत.

आधी ते 20 टक्के. टॅक्स नफ्यावर लागतो ओ, रकमेवर नाही. समजा जुळे सोलापुरात 2010-11 ला 12 लाखाला रो हाऊस घेतलं आणि 2025-26 मध्ये 45 लाखाला विकलं. नफा 33 लाख, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 4 लाख साडेबारा हजार. पण घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असेल आणि विकणारा भारतातच राहणारा असेल तर दुसरा हिशोब पण लावता येतो, महागाईचा इंडेक्स 2010-11 ला 167 होता आणि 2025-26 ला 376, म्हणजे 12 लाखाची खरेदी 27 लाखाची धरायची, नफा उरतो 18 लाख, त्याचे 20 टक्के 3 लाख 60 हजार. दोन्हीत जो टॅक्स कमी तो, वर 4 टक्के सेस. फॉरवर्डवाल्यानं याच घराचे 9 लाख लावले असते. हां, दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा सरळ तुमच्या बाकीच्या उत्पन्नात धरून टॅक्सच्या स्लॅबमध्ये जातो.

जीएसटी जुन्या घराच्या विक्रीवर लागतच नाही. विषय संपला.

सीनियर सिटिझनला माफी? या नफ्यावर वयाची वेगळी माफी नाही. आणि "12 लाखापर्यंत टॅक्स नाही" हे ऐकून निवांत बसलेल्यांनी पण ऐका, ती सूट घराच्या नफ्याला चालत नाही. दुसरं उत्पन्न कमी असेल तर नव्या टॅक्स पद्धतीतल्या 4 लाखाच्या बिनटॅक्स मर्यादेत जेवढी जागा उरते तेवढाच नफा सुटतो.

वडिलोपार्जित घराचं अर्धं खरंय. वारसानं घर नावावर आलं तेव्हा टॅक्स नाही, पण विकलं की आहे. बाळीवेशीतला आजोबांनी बांधलेला वाडा असेल तर "फुकट मिळाला म्हणजे 45 च्या 45 लाख नफा" असं पण नाही. 2001 च्या आधीचं घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत खरेदी म्हणून धरता येते (तेव्हाच्या सरकारी दरापेक्षा जास्त नाही), किंमत ठरवून देणाऱ्या व्हॅल्युअरकडनं रिपोर्ट घ्या. नंतर स्लॅब टाकला, मजला चढवला, तर तो खर्च पण धरतात. पावत्या फेकू नका राव.

आता सवलत. ती बंद झालेली नाही! विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर तेवढा नफा सुटतो, आणि गुंतवायचा फक्त नफा, सगळी रक्कम नाही. पुण्यातला फ्लॅट स्वतःच्या नावावर घ्या, पोराच्या नावावर घेतला की टॅक्सवाल्यांशी वाद ओढवून घेतला, आणि तीन वर्षं तो विकायचा नाही. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर ठरलं नाही तर पैसे बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात (अशा नफ्यासाठीचं खास खातं) टाकायचे, साधी एफडी चालत नाही. घर घ्यायचंच नसेल तर सहा महिन्यांत आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी कंपन्यांचे बाँड, 50 लाखापर्यंत, पाच वर्षं अडकतात.

आणि कॅश. सगळ्यात महागडा सल्ला हाच. दस्त रेडी रेकनरपेक्षा (म्हणजे सरकारी दरापेक्षा) 10 टक्क्यांहून जास्त खाली दाखवला तर तुमचा टॅक्स रेडी रेकनरवरच मोजतात, वर घर घेणाऱ्याला पण त्या फरकावर टॅक्स. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त कॅश घेतली तर तेवढाच दंड कॅश घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला लागू शकतो, म्हणजे 15 लाख घेतले तर 15 लाख. गंमत बघा, वरच्या रो हाऊसवाल्यानं सगळे 45 लाख चेकनं घेऊन पुण्यात 60 लाखाचा फ्लॅट घेतला असता तर त्याचा टॅक्स शून्य होता. आता फॉरवर्डचं ऐकून घेतलेले 15 लाख पिशवीत आहेत आणि पुण्याचा बिल्डर म्हणतोय चेक द्या.