उत्तर आधीच दाखवणारे गेम आणि उत्तर तेवढंच सांगणाऱ्या बातम्या

2024 च्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक बातमीचा सूर एकच होता: एआयनं नोबेल मिळवलं. डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर ही तीन नावं, प्रोटीनची लांब साखळी दुमडून कुठला आकार घेते हे जुनं कोडं सुटलं असं एक वाक्य, आणि खाली तिघांचे फोटो. मला मात्र त्यातली दोन नावं वाचून घरभर सांगत सुटावंसं वाटलं, कारण ती माणसं आम्हा गेम खेळणाऱ्यांच्या जगातली आहेत. हसाबिस 17 वर्षांचे होते तेव्हा ‘थीम पार्क’ हा गेम घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. 1994 साली तो बाजारात आला. आणि बेकर यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या कामातून 2008 साली ‘फोल्डइट’ निघाला, ज्यात घरी बसलेली साधी माणसं प्रोटीन हातानं वळवून दुमडून त्याचा आकार शोधतात.

‘थीम पार्क’मध्ये तुम्ही करमणुकीची बाग चालवता. चिप्समधलं मीठ वाढवता येतं. मीठ वाढलं की लोकांना तहान लागते, आणि शेजारी थंड पेयांचं दुकान असेल तर तिथला गल्ला वाढतो. आता हा फक्त मिठाचा आकडा आहे. पण तो हलवायचा, थोडं थांबायचं, परिणाम दुसऱ्याच दुकानात दिसतो का ते बघायचं, आणि दिसला तर पुन्हा एकदा करून खात्री करायची, हे सगळं खेळाडू आपणहून करतो. शाळेच्या प्रयोगवहीत ‘उद्देश, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ असे रकाने आखून आपण जे आणू बघतो, ते तिथे एका मिठाच्या आकड्यानं आणलं. असा गेम बनवणारा मुलगा पुढे विज्ञानाकडे वळला याचं मला नवल वाटत नाही. बातमीत हे नव्हतं, याचं वाईट वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चांगला गेम तुम्हाला अंदाज बांधू देतो. अंदाज चुकला तर लगेच आणि स्पष्टपणे कळवतो, आणि पुन्हा करायला वाव देतो. विज्ञानही याच वाटेनं जातं. विज्ञानाची बातमी मात्र अंदाज, चूक, फेरप्रयत्न हे सगळं गाळते आणि शेवटचं उत्तर तेवढं आपल्यापुढे ठेवते. आजकालचे बरेच मोठे गेमही तेच करू लागलेत. या दोन्हीचा मला सारखाच राग येतो.

‘फोल्डइट’चं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण त्याचा एक धागा आपल्या इंदूरपर्यंत येतो. माकडांमध्ये एड्ससारखा आजार करणारा मेसन-फायझर नावाचा विषाणू आहे. त्याच्या एका एन्झाइमचा आकार दहा वर्षांहून जास्त काळ कुणाला सापडत नव्हता. स्फटिक होते, त्यांच्यावर क्ष-किरण सोडून घेतलेली मोजमापंही होती. अडचण अशी की क्ष-किरण स्फटिकातून विखुरले की ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण लाटांची फेज, म्हणजे लाटेचा चढ-उतार नेमका कुठे आहे ती माहिती, हरवते, आणि फेजशिवाय आकार काढता येत नाही. ती परत मिळवायची एक वाट म्हणजे खऱ्या आकाराच्या बऱ्यापैकी जवळ जाणारा एक अंदाज आधी हातात असणं. तोच नव्हता. ‘फोल्डइट’वर हे कोडं टाकलं, आणि खेळाडूंनी तीन आठवड्यांच्या आत इतका चांगला अंदाज दिला की त्यावरून शास्त्रज्ञांना पुढचं गणित सोडवता आलं. 2011 साली तो निबंध छापून आला, आणि खेळाडूंच्या गटांची नावं लेखकांच्या यादीत होती.

त्या वेळी मथळे आले ते ‘गेमर्सनी एड्सचं कोडं सोडवलं’ अशा धाटणीचे. त्यातून वाचणाऱ्याला काय कळलं? औषध सापडलं, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. खरी गोष्ट कितीतरी सुंदर आहे. गेममधला स्कोअर प्रोटीनच्या घडीच्या ऊर्जेवरून ठरतो. ऊर्जा कमी, तर स्कोअर जास्त. संगणक स्कोअर सतत वाढवत जायच्या नादात एका खड्ड्यात अडकतो. माणूस मात्र ‘आत्ता स्कोअर पडला तरी चालेल, ही घडी आधी उलगडू’ असं ठरवू शकतो. चांगल्या रचनेनं माणसाच्या या गुणाला वाव दिला. पुढे खेळाडू आपल्या युक्त्यांच्या ‘रेसिपी’ लिहून एकमेकांना देऊ लागले, आणि त्यातली एक लोकप्रिय रेसिपी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या, तोवर न छापलेल्या पद्धतीशी विलक्षण जुळणारी निघाली. माझ्या मते बातमी ही होती.

आणि इंदूरचा धागा असा. राजेंद्रनगरच्या पुढे आपलं कॅट आहे. 2005 पासून त्याचं नाव राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र आहे, पण रिक्षावाल्यापासून आजोबांपर्यंत सगळे अजून कॅटच म्हणतात. तिथं इंडस-2 आहे: 2.5 जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुमारे 172 मीटर घेराच्या कड्यात फिरवायचे आणि त्यातून निघणारा झगझगीत क्ष-किरण प्रकाश वेगवेगळ्या प्रयोगांकडे न्यायचा. त्यातली एक बीमलाइन, म्हणजे प्रकाश नेणारी एक वाट, खास प्रोटीनच्या स्फटिकांसाठी आहे. म्हणजे मी वर सांगितलं तसलं काम आपल्या घरापासून बसनं जाण्याच्या अंतरावर होतं. ‘अल्फाफोल्ड’, म्हणजे हसाबिस आणि जंपर यांचं प्रोटीनचा आकार ओळखणारं एआय, शिकलं तेसुद्धा जगभरच्या लोकांनी अनेक दशकं अशा यंत्रांवर खपून जमवलेल्या आकारांच्या साठ्यावरच. एआयनं एकट्यानं केलं असं लिहिताना हा साठा, ती यंत्रं आणि रात्रपाळी करणारी माणसं सगळीच वाहून जातात. इंदूरच्या वाचकाला हे कुणी सांगितलं असतं, तर नोबेल त्याला परकं वाटलं नसतं.

आता गेम्सकडे येते. पिवळ्या रंगाचा वाद खेळणाऱ्यांना माहीत असेलच. शिडी, कडा, फोडता येणारी पेटी, सगळ्यावर पिवळा रंग फासलेला, म्हणजे इथं चढायचं हे खेळाडूला कळावं. ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ची 2023 ची नवी आवृत्ती आणि 2024 मधला ‘फायनल फँटसी 7 रीबर्थ’ यांवरून बरीच भांडणं झाली. बनवणाऱ्यांची अडचण मला पटते. चित्र इतकं तपशीलवार झालंय की कुठला दगड खरा आणि कुठला नुसता सजावटीचा, हे डोळ्याला उमगत नाही. पण यावर रंग फासणं हा सगळ्यात आळशी उपाय आहे. 1985 च्या ‘सुपर मारिओ’ची पहिली लेव्हल आठवा. आपल्यातल्या कितीतरी जणांनी ती टीव्हीला जोडायच्या नकली डब्यावर, कॅसेट फुंकून फुंकून खेळलीय. एक अक्षर न लिहिता ती शिकवते. पहिला शत्रू हळूहळू चालत येतो, त्याला धडकलात तर मराल, उडी मारलीत तर वाचाल, आणि मेलात तरी काही सेकंदांतच पुन्हा तिथेच उभे. एवढ्या छोट्या पडद्यावर जमलं ते आज जमू नये?

जमतं, हे ‘आउटर वाइल्ड्स’ या गेमनं 2019 मध्ये दाखवलं. 22 मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शस्त्र वाढत नाही, ताकद वाढत नाही, पुढच्या फेरीत तुमच्याबरोबर येतं ते फक्त तुम्हाला कळलेलं. एका ग्रहावरची वाळू दुसऱ्या ग्रहावर ओतली जाते, आणि कुठली वाट कधी उघडते हे तुम्हाला बघूनच शिकावं लागतं. याहून जास्त सांगत नाही, कारण ज्यांनी खेळला नाही त्यांचा आनंद मला घालवायचा नाही. विज्ञानावरचा इतका प्रामाणिक गेम मी दुसरा खेळलेला नाही.

रॉकेट बांधून उडवायचा ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा गेम दुसऱ्या कारणासाठी जवळचा. माझा भाचा माझ्याकडे येतो तेव्हा तोच लावतो. रॉकेट सुटतं, थोडं वर जातं आणि कोलांटी खातं. “मावशी, हे का पलटतंय गं?” मी उत्तर देत नाही. तो खाली पंख लावतो, मग वरचं वजन वाढवतो, आणि मग ते सरळ जातं. वस्तुमानाचा मध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा पुढे हवा, हे वाक्य त्याला माझ्याकडून मिळालं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरला असता. आणि कक्षेत फिरणाऱ्या यानानं पुढच्या यानाला गाठायचं तर वेग कमी करून खाली उतरावं लागतं, कारण खालची कक्षा जास्त वेगाची, हे तर पुस्तकात वाचून मोठ्यांनाही पटत नाही. तिथे करून बघितलं की पटतं.

चांद्रयान-3 निघालं 14 जुलै 2023 ला आणि उतरलं 23 ऑगस्टला. अमेरिकेचं अपोलो चार दिवसांत पोचलं, मग आपल्याला 40 दिवस का, हा प्रश्न तेव्हा कुटुंबाच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. ‘केर्बल’ खेळलेल्या पोराला तो प्रश्न पडला नाही. रॉकेट लहान असेल तर पृथ्वीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूवर, म्हणजे वेग सगळ्यात जास्त असताना, थोडं थोडं इंजिन पेटवायचं आणि कक्षा लांबट करत न्यायची. इस्रोनं पृथ्वीभोवती असं पाच वेळा केलं आणि मग यानाला चंद्राच्या वाटेवर ढकललं. त्याहून महत्त्वाचं काम उतरण्याच्या रचनेत झालं. 2019 मध्ये चांद्रयान-2 चा विक्रम लँडर आदळल्यावर इस्रोनं प्रश्नच बदलला: काय काय बिघडू शकतं, आणि तसं बिघडलं तरी उतरता कसं येईल? पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, आणि उतरायची जागा 500 मीटर गुणिले 500 मीटर होती ती 4 किलोमीटर गुणिले 2.4 किलोमीटर केली. चांगला गेम डिझायनर खेळाडूच्या चुका अशाच आधी मोजून ठेवतो. 23 ऑगस्टच्या संध्याकाळी राजवाड्यावर फटाके वाजले आणि मीही खूश झाले. पण त्या आठवड्यात या 4 गुणिले 2.4 वर एखादं पान भरून यायला हवं होतं.

बातम्यांचा सगळ्यात मोठा अन्याय मात्र गेमविषयीच्या संशोधनावर होतो, आणि त्याची झळ आम्हाला घरात लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘गेमिंग डिसऑर्डर’ रोगांच्या यादीत घातला, 1 जानेवारी 2022 पासून ती यादी लागू झाली. त्यात अट अशी आहे की खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा, बाकी आयुष्य त्यापायी विस्कटलेलं हवं, आणि हे सहसा किमान 12 महिने दिसलेलं हवं. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘गेम खेळणं हा रोग आहे’ झालं. दुसऱ्या बाजूचंही तसंच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दोन गेमच्या 3,274 खेळाडूंचा खेळण्याचा खरा वेळ कंपन्यांकडून घेऊन तपासला, तेव्हा जास्त वेळ खेळणारे किंचित जास्त समाधानी दिसले. ‘गेम खेळा, आनंदी राहा’ असे मथळे आले, आणि आम्ही ते आनंदानं एकमेकांना पाठवले. मग 2022 मध्ये त्याच गटानं सात गेमचे जवळपास 39,000 खेळाडू सहा आठवडे तपासले. निष्कर्ष: वेळ कमी-जास्त झाल्यानं मनःस्थितीवर दखल घेण्याजोगा परिणाम दिसत नाही. मोठा, जास्त काळजीपूर्वक केलेला अभ्यास हा दुसरा. माझ्या ओळखीतल्या एकानंही तो मला पाठवला नाही. पहिला अंदाज, मग जास्त चांगली तपासणी, मग सुधारलेलं उत्तर, अशी ती सलग गोष्ट होती आणि आपल्याला तिचं फक्त पहिलं पान दिलं गेलं.

मला विचाराल तर तासांपेक्षा रचनेकडे बघा. रोज हजेरी लावली की नाणी, आज आला नाहीत तर बक्षीस बुडालं, पेटीत काय निघेल ते नशिबावर: असे गेम खेळाडूला अंदाज बांधायला काही देतच नाहीत, फक्त परत यायला लावतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आपल्याकडे कायद्यानं बंदी आली, मला ती योग्यच वाटली. पण ‘केर्बल’ आणि ती पत्त्यांची ॲप्स एकाच टोपलीत टाकू नका, ही सगळ्या आईबाबांना हात जोडून विनंती आहे.

आणि आता मुद्द्याचं. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांना वाटलं की बघायला येणाऱ्या लोकांसमोर नुसती मांडून ठेवलेली यंत्रं कंटाळवाणी आहेत. चेंडूचा मार्ग काढू शकणारा एक ॲनालॉग संगणक त्यांच्याकडे होता. तो ऑसिलोस्कोपला, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, जोडून त्यांनी ‘टेनिस फॉर टू’ बनवला. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी पडदा मोठा केला, आणि चंद्रावरच्या किंवा गुरूवरच्या गुरुत्वाकर्षणात खेळायची सोयही दिली. सगळ्यात पहिल्या व्हिडिओ गेम्सपैकी हा एक, आणि तो विज्ञान लोकांच्या हाती द्यावं म्हणून जन्मला.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या दिवशी आपण पोस्टर लावतो, प्रश्नमंजूषा घेतो, जिथे उत्तर पाठ असणारा जिंकतो. यंदा राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरच्या एखाद्या मराठी मंडळानं संध्याकाळी हॉल दिला तर मी माझा पीसी घेऊन येते, ‘केर्बल’ त्यात आहेच. ‘फोल्डइट’ फुकट आहे, आणखी दोन-तीन लॅपटॉपवर सहज चढेल. कॅटमध्ये काम केलेले किंवा करणारे कुणी काका-काकू एक तास येऊन बसले आणि मुलांनी वळवलेल्या प्रोटीनकडे बघून इंडस-2 वर काय चालतं ते बोलले, तर फारच छान. प्रोजेक्टर कुणाकडे आहे ते कळवा. दहावी-बारावीच्या मुलांना आग्रह करायचा नाही, त्यांच्या परीक्षा तोंडावर असतात. सहावी ते नववी मात्र सगळे चालतील, आणि आजी-आजोबासुद्धा.