हादगा तोडून शेवगा लावण्याआधी

फिरत फिरत तो मजकूर तिसऱ्यांदा माझ्यापर्यंत आला, तेव्हा म्हटलं, आता उत्तर लिहायलाच हवं. मजकूर थोडक्यात असा: परसात एकच झाड लावायचं तर शेवगा लावा, हादगा असेल तर काढून टाका. शेवग्याच्या पानांत संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, दुधाच्या सतरापट कॅल्शियम, पालकाच्या पंचवीसपट लोह. शेवगा शेंगवर्गीय (डाळी-वालांच्या कुळातला), म्हणून जमिनीला नत्र (नायट्रोजन) देतो. पाणी कमी असो की जास्त, तो कुठेही येतो. मुळापासून शेंड्यापर्यंत सगळा खाता येतो. आणि हादग्याला काय, तर नुसती फुलं, तीही हंगामापुरती.

शेवग्याशी माझं वैर नाही. दोन्ही झाडं लावून झाली आहेत, आणि शेवग्याची पानं मी आवडीने खातो. पण हा मजकूर वाचून कुणी चांगला वाढलेला हादगा तोडणार असेल, तर आधी एकेक मुद्दा तपासून पाहू.

सुरुवात पटींपासून. सातपट, सतरापट, पंचवीसपट हे आकडे एकाच पानाचे नाहीतच. सातपट क जीवनसत्त्व हे ताज्या पानाचं आणि सतरापट कॅल्शियम, पंचवीसपट लोह हे वाळवून दळलेल्या पुडीचं. ताजं पान वाळवलं की पाणी उडतं, वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतं आणि उरलेलं सगळं दाट होतं. क जीवनसत्त्व मात्र वाळवताना बहुतांश नष्ट होतं. जिथून ही पुडीची पटींची भाषा पसरली, त्या मूळ आकड्यांत १०० ग्रॅम पुडीत कॅल्शियम सुमारे २००० मिलिग्रॅम, लोह सुमारे २८ आणि क जीवनसत्त्व जेमतेम १७ आहे. म्हणजे संत्र्याच्या सातपट सोडाच, संत्र्याहूनही कमी. ताज्या आणि वाळलेल्या पानांचे सोयीचे तेवढे आकडे उचलून एकाच ओळीत बसवले, की असं चमत्कारी झाड तयार होतं.

बरं, ताज्या पानाची सातपट तरी खरी का? ते पोषणमूल्यांचं कोणतं कोष्टक उघडता त्यावर आहे. जुन्या भारतीय कोष्टकात शेवग्याच्या ताज्या पानांत १०० ग्रॅममागे २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि संत्र्यात ३०; तिथून सातपट निघते. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकात पानांत सुमारे ५२ आणि संत्र्यात ५३, म्हणजे बरोबरी! जात, जमीन, पानाचं वय, तोडल्यापासून गेलेला वेळ, या सगळ्यांनी हा आकडा हलतो. खरा आकडा कुठेतरी मधे असतो आणि तो चांगलाच असतो, पण घोषणा देण्याजोगा नसतो.

पालकाचा मुद्दा तर आणखी गमतीचा. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्याच्यासमोर सुकी पुडी ठेवायची आणि म्हणायचं, बघा! पालकही वाळवून दळला तर १०० ग्रॅममागे लोह साधारण ३० मिलिग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे शेवग्याच्या पुडीच्या पंक्तीलाच येऊन बसतं. शिवाय १०० ग्रॅम पुडी खातो कोण? चहाच्या चमच्यात मावते दोन-तीन ग्रॅम. तिच्यातून मिळणारं कॅल्शियम अर्धा कप दुधापेक्षाही कमी, लोह एक मिलिग्रॅमच्या आत. वर पानातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, ते वेगळंच.

आता हादग्याची "नुसती फुलं". लिहिणाऱ्याने हादग्याचं पान कधी तोडून पाहिलेलं दिसत नाही. हादग्याची कोवळी पानं खातात, कोवळ्या शेंगाही खातात. आणि कॅल्शियमच मोजायचं असेल तर भारतीय कोष्टकांत हादग्याच्या ताज्या पानांचा आकडा १०० ग्रॅममागे ९०० ते ११०० मिलिग्रॅम आहे. शेवग्याच्या ताज्या पानांचा, सगळ्यांत वरचा धरला तरी, ४४०. म्हणजे मजकुराचंच माप लावलं तर काढून टाकायचं झाड भलतंच ठरतं. पण ते मापच मला मान्य नाही. हादग्याचं पान कडवट असतं, ते शेवग्यासारखं मूठ-मूठ खाल्लं जात नाही. जे पोटात जातच नाही त्याचे मिलिग्रॅम काय करायचे?

फुलांबद्दल मात्र एक सांगतो. विळ्यासारखी वाकलेली कळी हातात घ्या आणि पाकळ्या हळूच फाकवा. आत पुंकेसरांचा एक लांब, वाकडा जुडगा असतो. तो देठापासून ओढून काढला की कडूपणा बराचसा निघून जातो. ज्यांनी केसरासकट फुलं शिजवली, त्यांनी हादगा कायमचा सोडला असणार. कदाचित मजकूर लिहिणाऱ्यानेही.

नत्राचा मुद्दा सरळ उलटा आहे. शेवग्याला शेंगा येतात, पण तो शेंगवर्गीय नाही. त्याचं कूळच वेगळं. वाळलेली शेंग फोडून पाहा. शेवग्याची शेंग तीन फाकांत उकलते आणि आत पंख असलेल्या बिया निघतात. हादग्याची शेंग दोन फाकांत उकलते, वालाघेवड्यासारखी. हवेतला नत्र धरणारे जिवाणू हादग्याच्या मुळांवर गाठी करून राहतात. तरुण रोपाजवळची माती अलगद उकरा, बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसतील. एक नखाने कापा. आत गुलाबी-तांबूस दिसलं तर गाठ कामावर आहे. हिरवट किंवा करडी असेल तर तिचं काम संपलं. सूत्रकृमींमुळेही (मातीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे) मुळांवर गाठी येतात, त्यात फसू नका. ती मुळाचीच सूज असते, सहज सुटत नाही. जिवाणूंची गाठ बोटाने टचकन निघते. आणि हा नत्र शेजारच्या रोपांना आपोआप मिळत नाही. पानं गळून किंवा छाटलेला पाला आळ्यात कुजूनच तो मातीत येतो.

"कुठेही येतो" हे अर्धं खरं. कोरड्यात, हलक्या जमिनीत शेवगा खरोखर चिवट. तिथे मी डोळे मिटून शेवगाच सांगेन. पण पाणी तुंबलं की त्याचा जीव जातो. माझा पहिला शेवगा छपराच्या पन्हळीखाली लावला होता. पावसाळा सरता सरता पानं पिवळी पडली आणि एक दिवस झाड एका हाताने उपटून आलं. गाजरासारखं जाड मूळ पार मऊ झालेलं, आंबूस वास येणारं. त्याच जागी आता हादगा आहे. मुळाशी काही दिवस पाणी साचलं तरी हादगा तग धरतो. थंडीत दव गोठतं तिथे मात्र दोघांचाही उपयोग नाही.

मुळासकट सगळं खा, हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. शेवग्याच्या मुळाला तिखट वास असतो, म्हणूनच इंग्रजीत त्याला हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात. पण मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात. पानं, फुलं, शेंगा खा; मूळ आणि साल सोडा, गरोदरपणात तर नक्कीच. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोज पुडी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र निवड करताना सगळ्यांत जास्त कामाची आहे, ती म्हणजे छाटणी. शेवगा कंबरेच्या उंचीवर कापा, महिन्याभरात फुटवेच फुटवे. जितका कापाल तितकी पानं हाताशी. हादग्याला ही वागणूक चालत नाही. शेवग्याच्या सवयीने मी एक हादगा गुडघ्यापर्यंत कापला होता. तो पुन्हा फुटलाच नाही. त्याचा शेंडा रोप मीटरभर झालं की खुडायचा, म्हणजे फांद्या खालून सुटतात. त्यानंतर एका वेळी थोडाच पाला काढायचा, पानं ठेवून. शेंडा वेळेवर खुडला नाही तर झाड काठीसारखं सरळ वर जातं, आणि फुलं पाहायला मान मोडून वर बघावं लागतं. सध्याच्या हादग्याचा शेंडा खुडायला मी दोन महिने उशीर केला, त्यामुळे या वर्षी फुलं काढायला शिडी लागते आहे.