वाळवीने सोडलेले खापरपणजोबा

गोव्यातल्या ख्रिस्ती घराण्यांत श्रीमंत पूर्वज शोधायला फारशी अक्कल लागत नाही. चर्चच्या फरशीत त्यांच्या नावाची शिळा असते, मृत्युपत्र पानंच्या पानं चाललेलं असतं आणि भावकीतल्या भांडणांचे कागद सरकारनेच जपून ठेवलेले असतात. खरी कसोटी शेतकरी पूर्वजाची. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या साष्टीत कुठल्याशा वाड्यावर (वस्तीवर) भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, शेत कसणारा, सहीच्या जागी फुली मारणारा आणि उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी न चढलेला सज्जन माणूस वंशजांचा फार छळ करतो. माझं स्पष्ट मत आहे की माणसाने पुढच्या पिढ्यांचा विचार करून निदान एक तरी खटला हरावा.

पोर्तुगीज पासपोर्टसाठी शोध घेत असाल तर तुम्ही थोडक्यात सुटलात. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेले आजोबा कागदावर सापडले की काम भागतं. त्याच्या मागे जायची इच्छा झाली तर तो छंद जडला असं समजावं. त्यावर औषध नाही. गोव्यात सिव्हिल नोंदणी १९१४पासूनची, म्हणजे तिथपर्यंत सरकारी दाखल्यांचा हात धरून जाता येतं. त्याच्या मागे फक्त चर्च.

या वह्यांचं मूळ १५६३ सालात आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने पाद्रींना लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवायला लावली, कारण गुपचूप लग्न करून नंतर ते साफ नाकबूल करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १६१४च्या विधिग्रंथाने मरणाचीही वही लावली. म्हणजे पूर्वजांचा माग आपल्याला लागतो तो काही नवरेमंडळींच्या लबाडीमुळे. आज या वह्या काही चर्चमध्ये, काही पणजीच्या सरकारी पुराभिलेखागारात, काही आल्तिन्योवर आर्चबिशपांच्या दप्तरखान्यात आहेत. तेव्हा पहिला प्रश्न ‘नोंद काय आहे’ हा नसून ‘वही कुठे आहे’ हा असतो. गावचं नाव पुरत नाही, वाडा माहीत हवा. मोठ्या चर्चच्या हद्दीतून पुढे नवी चर्चेस फुटली, त्यामुळे घर जागचं हललं नाही तरी कुटुंब एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेलं असतं.

वही मिळाली की नावाचा घोळ सुरू होतो. घरात सगळे छातीठोकपणे सांगतात, ‘आमचा खापरपणजा बोस्त्यांव.’ वहीत बोस्त्यांव औषधालाही नाही. तिथे सेबास्तियांव आहे. सालू म्हणजे साल्वादोर, मिंगेल म्हणजे मिगेल, काइतान म्हणजे कायतानो. आडनावावर तर अजिबात विसंबू नका. धर्मांतराच्या वेळी पदीनचं, म्हणजे बाप्तिस्म्यातल्या मानलेल्या बापाचं, किंवा पाद्रीचं आडनाव लागलं, त्यामुळे अख्ख्या वाड्यावर फेर्नांदिश आणि त्यातले निम्मे एकमेकांचे कोणीच नव्हेत. बायकांना पुष्कळदा आडनावच नसतं. ‘मारिया द कोन्सेसांव’ एवढं भक्तिभावाने लिहून पाद्री मोकळा होतो. धर्म बदलला तरी जातीने मात्र पिच्छा सोडला नाही. अनेक नोंदींत ती इमानेइतबारे लिहिलेली सापडते, आणि संतापजनक असली तरी एका नावाच्या दोन माणसांत फरक करायला तीच उपयोगी पडते.

यात भर नाव ठेवण्याच्या रिवाजाची. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आजोबा कायतानो आणि त्यांना तीन मुलगे असतील तर एकाच वाड्यावर, एकाच दशकात, एकाच आडनावाचे तीन कायतानो जन्माला येतात. तिघांचा आजा एकच, म्हणून तिघेही तुम्हाला आपलेच वाटतात. त्यांना वेगळं काढायचं ते आईच्या नावावरून आणि पदीन-मदीनवरून. पदीन बहुधा नात्यातलाच असतो. त्याचं नाव वहीतल्या टिपणात उतरवून न घेणारा संशोधक सहा महिन्यांनी त्याच पानावर परत येतो. दुसरा सापळा याहून वाईट. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला बिनदिक्कत देत. बाप्तिस्मा सापडला म्हणून आनंदाने वंशावळीत चिकटवण्याआधी मरणाची वही चाळा, नाहीतर दुसऱ्या वर्षीच गेलेल्या बाळापासून आपला वंश चालल्याचं सिद्ध करून बसाल.

काही वह्यांना शेवटी सूची असते. ती पाहून हर्ष होतो आणि लगेच ओसरतो, कारण ती आडनावावर नसून पाळण्यातल्या नावावर लावलेली असते. आंतोनियो, फ्रान्सिस्को, जोझे, जुवांव, जोआकिम, मानुएल, मारिया. अर्धं गाव ‘जे’ आणि ‘एम’ या दोन अक्षरांत राहतं.

भाषेला घाबरू नका. पूर्ण पोर्तुगीज यावं लागत नाही, चाळीसएक शब्द पुरतात, कारण पाद्री पिढ्यानपिढ्या तेच वाक्य लिहीत आले. ‘आवश’ने सुरुवात, मग अक्षरांत तारीख, मग ‘फिल्यु लेजितिमु’ म्हणजे औरस मुलगा, मग आईबाप, शेवटी ‘पाद्रिन्युश’. ‘पाय इन्कोग्नितु’ दिसलं की बाप अज्ञात, आणि त्या दिशेचा शोध तिथेच खुंटला. पाद्रींना घाई फार. फेर्नांदिश तीन अक्षरांत उरकतात, रोड्रिगिशचं ‘रोइझ’ करतात, आंतोनियोची शेवटची अक्षरं पतंगासारखी वर उडवतात. सगळ्यात घातक महिने. सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रु’ असं दिसलं की नवखा माणूस जुलै लिहून घेतो. तो सप्टेंबर. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. लॅटिन आकड्यांवरून पडलेली ही नावं आहेत आणि ती पाद्रींनी अंकांत लिहिली. या एका चुकीने किती जण कागदावर आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला आले आहेत, त्याची गणती नाही.

शाईची तऱ्हा वेगळी. जुनी लोह-मायफळाची शाई आम्लधर्मी. ती कागद खाते आणि मागच्या बाजूला उमटते. कोकणपट्टीच्या दमट हवेत हे काम जोमाने चालतं. उरलेलं वाळवी बघते. वाळवीची भोकं नुसती रिकामी असती तर हरकत नव्हती, पण त्यातून खालच्या पानावरचं अक्षर डोकावतं. अशा पानावर बाप एका कुटुंबातला आणि आई दुसऱ्याच, असं जोडपं सहज जमून जातं. यावर उपाय साधा: दप्तरखान्यातल्या माणसाला विचारून, त्याच्याच हाताने, पानाखाली कोरा कागद सरकवून घ्यायचा. पुसट अक्षरावर उजेड वरून न पाडता बाजूने तिरपा पाडायचा. आणि टिपणात पृष्ठ नव्हे, पर्णाचा क्रमांक लिहायचा. आकडा पानाच्या पुढच्या बाजूलाच असतो. नोंद मागच्या बाजूला असेल तर तसं लिहायचं.

आता मृत्युपत्र. ते थेट शोधायला जाऊ नका. आधी मरणाची नोंद काढा, कारण माणसाने मृत्युपत्र केलं की नाही हे पाद्री पुष्कळदा तिथेच लिहून ठेवतो. शेतकऱ्याच्या नोंदीत बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं: ‘गरीब असल्यामुळे केलं नाही.’ एवढ्या स्वच्छ शब्दांत आपल्या घराण्याची आर्थिक स्थिती दुसरं कोणी सांगत नाही. वय मात्र मनावर घेऊ नका. ‘साठ वर्षे, थोडी इकडे-तिकडे’ असं पाद्री स्वतःच कबूल करतो. बाप्तिस्मा शोधताना त्या वयाच्या दोन्ही बाजूंना दहा वर्षं धरावीत.

मृत्युपत्र असलंच तर ते नोटरीच्या वहीत लिहिलेलं उघडं, किंवा दोऱ्याने शिवून लाखेची मोहोर लावलेलं बंद. सुरुवात पवित्र त्रैक्याच्या नावाने, मग आत्म्यासाठी किती मिस्सा (चर्चमधले प्रार्थनाविधी) म्हणायच्या, मग कोणाचं देणं. वाचणाऱ्याचे डोळे जमिनीकडे लागलेले असतात आणि नेमकी तीच त्यात नसते. कारण पोर्तुगीज कायद्यात मरणाऱ्याच्या हातात फार थोडं होतं. नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक, तिच्यातला अर्धा बायकोचा. उरलेल्या अर्ध्यातले दोन तृतीयांश मुलांचे, ते तोडता येत नाहीत. राहिला एक तृतीयांश, ‘तेर्स’. म्हणजे अख्ख्या घरादाराचा फक्त सहावा हिस्सा त्या बिचाऱ्याच्या मर्जीचा, आणि तोही पुष्कळदा मिस्सांवर खर्च. १९१०मध्ये मर्जीचा वाटा तृतीयांशावरून अर्ध्यावर गेला. आपले खापरपणजोबा तोवर थांबले नाहीत.

खरं घबाड इन्व्हेंतारात असतं. वारसांत अल्पवयीन मुलं असली की अनाथांच्या न्यायाधीशापुढे मालमत्तेची यादी करावीच लागे. त्यात माड, बैल, तांब्याची भांडी, कोठारातलं भात, सगळं मोलासकट. मोल समजून घ्यायला पाढे लागतात. अशरफी म्हणजे पाच तांगे, म्हणजे तीनशे रेईस. १८७१नंतर रुपिया, तो सोळा तांग्यांचा. भात मोजायचं कुडवात. वीस कुडवांची खंडी, वीस खंडींचा कुंभ.

पण आपला माणूस मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणारा. त्याची यादी कोण करणार? म्हणून त्याच्या भाटकाराचं इन्व्हेंतार काढायचं. दुसऱ्याच्या कागदात शिरल्याशिवाय गरीब माणूस भेटत नाही, हे ज्याला उमगलं त्याचं अर्धं काम झालं. भाटकाराच्या यादीत ‘येणं’ नावाचं सदर असतं. तिथे अमक्याकडून इतके कुडव भात, तमक्याकडून इतक्या अशरफ्या, आणि त्यात एका ओळीत आपला सेबास्तियांव, वाड्याच्या नावासह, बापाच्या नावासह. दुसरी जागा चतुःसीमा. ‘खाजन शेत (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं), पूर्वेस मानशीकडे (पाणी अडवायच्या दाराकडे) जाणारी मेर, पश्चिमेस फलाण्याचं शेत.’ तो फलाणा कोण ते पाहा. ज्याला उभ्या जन्मात कोणी कागदावर घेतलं नाही, तो शेजाऱ्याच्या जमिनीची पश्चिम सीमा म्हणून अमर झालेला असतो.

पूर्वजाने नात्यात लग्न केलं असेल तर मात्र देव पावला. १९१७पर्यंत चौथ्या पायरीपर्यंतचं नातं लग्नाला आड येई आणि त्यासाठी चर्चची सूट घ्यावी लागे. सुटीच्या अर्जात नातं कसं लागतं ते दाखवावं लागतं: वर मूळ पुरुष, खाली दोन फांद्या, दोन्हींच्या टोकाला वर आणि वधू. तीन-चार पिढ्या आयत्या. बाकीच्यांना जे जमवायला वर्षं लागतात, ते चुलत-चुलत बहिणीच्या प्रेमात पडलेला एक तरुण फुकटात देऊन जातो.

घराणं गावकारांचं, म्हणजे गावच्या मूळ वसाहतकऱ्यांचं, असेल तर कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, कचेरी गाठा. साष्टीसाठी मडगाव, बारदेससाठी म्हापसा. गावकाराच्या पुरुष वंशजाला झोण, म्हणजे त्या उत्पन्नातला वाटा, मिळतो, त्यासाठी नाव दाखल करावं लागतं, आणि त्या दाखल्यात बाप आणि वांगड (कूळ) लिहिलेले असतात. आजच्या झोणात मडगावला जायच्या पेट्रोलचा खर्च निघतो का, हे विचारू नये. नव्या काबिजादीत, म्हणजे फोंडा-पेडणेकडे, जुने कागद मोडीतही सापडतात. तिथे पोर्तुगीज जाणणारा ऐटबाज संशोधक हात टेकतो आणि सावंतवाडीचा कोणीतरी निवृत्त मास्तर भाव खातो.

चर्चमध्ये जायचं ते पत्र आधी पाठवून. पत्रात वाडा, आईबापाची नावं आणि दहा वर्षांचा पल्ला लिहावा. ‘आमचे पूर्वज १७००च्या सुमारास’ असं लिहिलेलं पत्र पाद्रीबाब ज्या खणात ठेवतात तो पुन्हा उघडत नाही. फेस्ताचे दिवस टाळावेत. साष्टीत राय गावात ५ ऑगस्टला नव्या कणसांचं फेस्त होतं, तेव्हा शेतकरी पूर्वजाविषयी विचारणं औचित्याचं वाटलं तरी विचारू नये.

आणि हे सगळं करूनही मरणाची नोंदच सापडली नाही तर? तर तो मुंबईला गेला. धोबीतलावच्या बाजूला गावागावाच्या नावाच्या कूड होत्या, एका गावचे लोक एका खोलीत. आजारी पडला, वारला, पुरला तिथेच. तिथल्या चर्चची वही शोधायला जावं तर नवीन भानगड: १७९४ ते १९२८ या काळात मुंबईत कॅथलिकांवर दुहेरी अंमल होता, काही चर्चेस पोर्तुगालच्या पाद्रोआदोखाली, काही रोमच्या प्रोपागांदाखाली, आणि दोन्हींचं एकमेकांशी पटत नसे. गोंयकार बहुधा पाद्रोआदोकडे, पण बहुधावर भागत नाही. दोन्ही वह्या चाळाव्या लागतात. दोन्हीकडे नसेल तर तो शेत सोडून तारवटी झाला आणि ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर चढला. बोटीवर पाद्री नाही, वही नाही. आहे ती खलाशांची यादी, इंग्रजीत, आणि तिच्यात सेबास्तियांवचं स्पेलिंग त्या दिवशी कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.