हिरवं पाणी, काठावरचा कचरा आणि न दिसणारी माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर आणि तळमळीने लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबच देतो. माझ्या गावाच्या आणि नदीच्या फोटोंवर तुमचे तीन आक्षेप आहेत : पाणी मी संगणकावर हिरवं केलं, काठावरचा कचरा चौकटीबाहेर ठेवला आणि गावाच्या फोटोंत गावातली माणसंच नाहीत.

रंगाचं आधी उरकतो. तो हिरवा रंग पोलरायझर फिल्टरमुळे, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या चकाकी अडवणाऱ्या काचेमुळे दिसतो. पाण्यावर आकाशाची पांढुरकी चकाकी असते आणि तिच्याखाली पाण्याचा स्वतःचा रंग झाकला जातो. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं, तर ही चकाकी फिल्टर फिरवून जवळजवळ पूर्ण अडवता येते. मग तळाचे दगड आणि त्यांच्यावरचं शेवाळ दिसायला लागतं. तोच फिल्टर लावून पुलावरून सरळ खाली पाहा, काही फरक पडणार नाही.

कचऱ्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. कचऱ्याच्या ढिगाचा फोटो कुठल्याही नदीचा असू शकतो. तो बघून चीड येते, पण ढीग नेमका तिथेच का साचतो हे त्यातून कळत नाही. आमच्या गावापाशी नदी वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाहाचा जोर जास्त, त्यामुळे तिथला काठ खचतो. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, वाळू बसते आणि वरून वाहत आलेलं प्लास्टिकही तिथेच अडकतं. हे दाखवायचं तर वर्षानुवर्षं त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच महिन्यात फोटो घेत राहावं लागतं. छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७पासून अमेरिकेच्या पश्चिम भागात अशाच प्रकारचं काम केलं. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांचे फोटो जिथून घेतले होते त्या जागा हुडकून काढल्या आणि तिथूनच पुन्हा फोटो घेतले. दोन फोटो शेजारी ठेवले की मधला काळ दिसतो.

ज्या झाडाच्या फोटोला तुम्ही ‘कॅलेंडरवरचं चित्र’ म्हणालात, तो कृपया मोठा करून पाहा. झाड बाहेरच्या काठावर आहे. त्याच जागेवरून घेतलेल्या जुन्या फोटोत त्याचं एकच मूळ मातीबाहेर डोकावतंय. नव्या फोटोत अर्धी मुळं उघडी पडून हवेत लोंबतायत, आणि त्यांच्यात माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर प्लास्टिकच्या गोणीचे निळे धागे गुंतलेत. पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. तुम्हाला हवा असलेला कचरा त्या फोटोत आहे, आणि तो कसा आला हेही आहे.

राहिली माणसं. मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. गावातली माणसं कशी टिपावीत यासाठी तुम्ही अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांचा दाखला दिलात. १९५३ साली ते इटलीत, पो नदीजवळच्या लुझारा या गावी फोटो काढायला गेले. पटकथाकार चेझारे झावात्तिनी यांचं ते जन्मगाव. तिथल्या त्या प्रसिद्ध फोटोत एक कुटुंब दारात आहे, आणि आपला फोटो निघतोय हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक परका माणूस आला, त्याने कॅमेरा लावला, लोक त्याच्यासमोर उभे राहिले. नाही म्हणायची मोकळीक त्यांना होती. माझ्या गावात मला कुणी नाही म्हणतच नाही, म्हणून त्यांच्या ‘हो’वर मी विसंबू शकत नाही. नदीवर धुणं धुणाऱ्या काकू मला बघून सावरून बसत नाहीत, त्यांच्या लेखी मी घरचाच आहे. त्या भरवशावर काढलेला फोटो अनोळखी हजारोंपुढे ठेवायचा हक्क मला कुणी दिला? माणसांचे फोटो मी काढतो, अगदी आवडीने काढतो. त्यांचे प्रिंट ज्याच्या-त्याच्या हातात नेऊन देतो, आणि ते त्या-त्या घरांतच राहतात. हा नियम मी बदलणार नाही.

लेन्सचंही विचारलं होतंत. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर बहुतेक फोटो ३५ मिमीच्या लेन्सने घेतलेत. त्याहून वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स मुद्दाम टाळतो, कारण त्याने अलीकडचा काठ अंगावर येतो, पलीकडचं गाव बारीक होऊन लांब जातं आणि नदी आहे त्यापेक्षा रुंद वाटते. शिवाय वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की निळ्या आकाशात मधोमध गडद पट्टा उमटतो, आणि तो नंतर काढणं फार जिकिरीचं असतं.