वाघ पाव किलो, मुलगी एक

आमच्या घरात वाणसामानाची यादी नावानी कधी नव्हतीच, चित्रानी होती. आणि ती यादी घेऊन दुकानात पळायची शिक्षा मला, कारण घरात सगळ्यात लहान मी.

बडोद्याला दांडिया बाजारात घर. आजी लग्न होऊन साताऱ्याहून आलेली, मराठी चौथी पास, पण गुजराती पाटी दिसली की तिचं डोकं फिरायचं. आपल्या अक्षरांना वर रेघ असते, गुजरातीला नसते, त्यावर तिचं म्हणणं असं की ह्या अक्षरांनी डोक्यावर पदरच घेतलेला नाही, मी कशाला ह्यांच्याशी बोलू. पुड्यांवर एक तर गुजराती नाही तर इंग्रजी, आणि कुठे हिंदी असलंच तर चष्मा देवघरात राहिलेला. मग तिनी सरळ चित्रं धरली. वाघबकरी चहा म्हणजे वाघ, पारले-जी म्हणजे मुलगी, डालडा म्हणजे झाड, अमूल बटर म्हणजे जिभली. "जा रे, वाघ पाव किलो, मुलगी एक, झाड अजून आठ दिवस जाईल, ते नको." मी दुकानात जाऊन शब्द न शब्द तसंच म्हणायचो आणि दुकानदारही चेहरा न बदलता पोऱ्याला ओरडायचा, "एक वाघ, एक छोकरी!"

डालडाच्या पिवळ्या डब्यावरचं ते हिरवं झाड नारळाचं की ताडाचं ह्यावर आजी आणि बाबांचं कायम वाजायचं. तूप संपलं की डब्यात तुळस लागायची, म्हणजे झाडात झाड. (ते नावही गमतीचं आहे, मूळचं डाडा, लीव्हर कंपनीनी मधे आपला ल घुसवला, 1937 च्या सुमाराला.)

वाघाचं मात्र मला कधी झेपलं नाही. वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पितायत, आणि बकरी निवांत! मी आजीला विचारलं की तो तिला खात का नाही. आजी कणीक तिंबता तिंबता म्हणाली, "आधी चहा, मग बिस्कीट." त्यानंतर कित्येक दिवस मी चहाच्या डब्याकडे पाठ करून दूध प्यायचो. नारणदास देसाई दक्षिण आफ्रिकेतून परत आले, त्यांनी अहमदाबादेत चहाचा धंदा मांडला, 1934 पासून हे नाव, आणि चित्राचा अर्थ असा की थोर असो नाही तर गरीब, सगळ्यांनी एका कपातून प्यावं, हे सगळं फार नंतर कळलं. तोपर्यंत माझ्या मनात त्या बकरीचं तेरावं होऊन गेलेलं.

जिभली आमच्या शेजारचीच, कारण अमूलचं गाव आणंद ट्रेननी तासाच्या आत. अहमदाबादला जाताना आणंद आलं की मी खिडकीला नाक लावून ठिपक्यांचा फ्रॉक शोधायचो. ती 1966 पासून तेवढीच आहे हे कुठे माहीत होतं. एक दिवस नीट बघितलं तर तिला नाकच नाही! डोळे आहेत, जीभ आहे, निळे केस आहेत, मधे सपाट मैदान. मला इतकं वाईट वाटलं की मी बॉलपेननी तिला नाक काढून दिलं, जरा जोर लावून, दोन भोकांसकट. संध्याकाळी बाबांच्या टोस्टवर निळे ठिपके आले आणि नंतर माझ्या पाठीवर.

पण खरा घोटाळा केला तो पुड्यावरच्या मुलीनी. आत्याला बघायला मंडळी आली होती. बाहेरच्या खोलीत मुलगा, त्याची आई, मामा, सगळे ताठ. आत पोहे तयार पण चहाबरोबर बिस्किटं नाहीत. आजीचा आवाज मुळात मांडवीपर्यंत जाणारा, ती मला मागच्या दारातून पिटाळत ओरडली, "पळ, मुलगी घेऊन ये! आणि नीट बघून आण, मागच्या वेळची मऊ पडलेली होती!"

बाहेर एकदम शांतता.

मी धावत गेलो, धावत आलो, आणि घाईत पुढच्याच दारातून सगळ्यांसमोर उभा राहून धापा टाकत सांगितलं, "आजी, छोटी मुलगी संपली! मोठी आहे, पण ती तो उधार देत नाही!"

मामांच्या हातातली बशी कलली. मुलाची आई आत्याकडे बघायला लागली, आत्या जमिनीकडे, आणि बाबा घाईघाईनी सांगायला लागले की अहो बिस्कीट, बिस्कीट. मुलगा मात्र पदर नसतानाही तोंडात रुमाल कोंबून बसला होता. आठ दिवसांनी पत्रिका जमत नसल्याचं पोस्टकार्ड आलं. आजीनी शेवटपर्यंत दोष त्या दुकानदाराला दिला, म्हणे चार आण्याच्या उधारीपायी सोन्यासारखं स्थळ घालवलं.

ती मुलगी खरी कोण ह्यावरही आमच्याकडे गल्लीभर चर्चा. कुणी म्हणायचं ती नागपूरला असते, आता नातवंडं झाली, आमच्या समोरच्या काकू तर तिच्या चुलतजावेला भेटून आल्या होत्या. शेवटी कंपनीनीच सांगितलं की ते नुसतं चित्र आहे, साठच्या दशकात एव्हरेस्ट जाहिरात कंपनीतल्या मगनलाल दहियांनी काढलेलं. काकूंना हे मी फोन करून कळवलं तर म्हणाल्या, "मग मी कुणाच्या जावेकडे जेवले?"

आता आजी नाही, पण यादी तशीच. आई सत्तरीची, व्हॉट्सॲपवर टाइप करायचा कंटाळा, तर नुसती चित्रं टाकते, वाघाचं तोंड, मुलीचं तोंड, की मी समजून घ्यायचं. गेल्या रविवारी तिनी वाघ चुकून फॅमिली ग्रुपवर टाकला, पुढे नुसतं "संपला". पाच मिनिटांत सुरतच्या काकांचा मेसेज, "अरेरे, कमाटी बागेतला का? कधी?" आणि खाली अकरा जणांनी हात जोडलेले.