थर्मोस्टॅटचा वॉल काढून घाटात गाडी थंड राहत नाही: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार मालक,

तिखट लिहिलंत, पण मुद्द्याचं लिहिलंत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर उत्तर देतो. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: १.९ लिटरची डिझेल पिकअप रीमॅप केली (इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली) आणि तुळजापूर घाटात तापमानाचा काटा वर जाऊ लागला. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटचा वॉल (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकला. जानेवारीत त्रास बंद झाला, एप्रिलमध्ये एसी लावून चढताना पुन्हा सुरू. तरी तुमचं मत असं की सोलापूरच्या ४३ अंशांत वॉलची गरजच नाही, फार तर ७१ अंशांचा टाकावा. कूलंट (ग्लायकॉल आणि गंजरोधक असलेला, पाण्यात मिसळायचा द्रव) हे बर्फाळ देशांचं खूळ, साधं पाणी जास्त थंड करतं. आणि काटा मध्यावर असताना ओबीडीचे (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून मिळणारे) आकडे बघत बसणं म्हणजे रिकामपणचे उद्योग. थोडक्यात, ‘वॉल काढू नका’ हा माझा सल्ला इथल्या उन्हात चालत नाही.

उत्तर तुमच्याच हकिकतीत आहे. जानेवारीत वॉल नव्हता, एप्रिलमध्येही नव्हता. बदललं ते बाहेरचं ऊन, आणि एसीचा भार.

वॉल इंजिनाचं किमान तापमान सांभाळतो, कमाल नाही. ८२ अंशांचा वॉल ८२ ला उघडू लागतो आणि साधारण ९५ ला पूर्ण उघडतो. त्यापुढे त्याचा काही संबंध उरत नाही. मग तापमान कुठे थांबणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: इंजिन पाण्यात किती उष्णता टाकतंय आणि रेडिएटर त्यातली किती हवेत सोडतोय. धरणाचे दरवाजे तासभर आधी उघडले म्हणून कालवा रुंद होत नाही, तसंच हे.

आकडे मांडून बघा. वॉल पूर्ण उघडा, भार आणि वेग तोच असेल, तर कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी वर जाऊन स्थिरावतं. समजा रीमॅपच्या आधी डिसेंबरच्या दुपारी, ३० अंशांत, गाडी घाटात ९६ वर राहायची. फरक ६६ चा. तोच घाट त्याच भाराने ४३ अंशांत चढलात तर ४३ अधिक ६६, म्हणजे १०९. आता रीमॅप धरा. ताकद २० टक्के वाढली की पाण्यात पडणारी उष्णताही जवळपास तेवढीच वाढते, कारण जादा ताकद जादा डिझेल जाळूनच येते. फरक ६६ वरून ७९ वर जातो आणि बेरीज १२२ येते. अ‍ॅक्सिलरेटर सलग पूर्ण दाबून धरला तरचा हा हिशोब आहे. प्रत्यक्षात तिथवर जायच्या आत फॅन क्लच (तापल्यावर फॅनला इंजिनाशी जोडणारा भाग) घट्ट पकडतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) डिझेल कमी करतो आणि गाडी मरगळते. पण रोख कळला असेल. या बेरजेत वॉलचा आकडा कुठेच नाही.

७१ चा वॉल टाकला तर काय मिळतं? थोडा वेळ. घाटाच्या पायथ्याशी इंजिन दहा अंश थंड असेल. नऊ-दहा लिटर कूलंट आणि दीडशे किलो धातू दहा अंशांनी तापवायला साधारण १,००० किलोज्यूल लागतात. रेडिएटरच्या आवाक्याबाहेरची उष्णता १० किलोवॅट असेल, तर ही सवलत शंभर सेकंदांत संपते. घाट शंभर सेकंदांत संपत नाही.

वॉल साफ काढून टाकणं तर त्याहून वाईट. बऱ्याच डिझेल इंजिनांत वॉलला दोन चकत्या असतात. वरची रेडिएटरकडची वाट उघडते आणि खालची, स्प्रिंगवरची छोटी चकती त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परतणारी, वाट बंद करते. वॉल काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पंपातून निघालेलं काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच गरम परत इंजिनात फिरतं, म्हणजे नेमक्या घाटात तुम्ही रेडिएटरचाच वाटा कमी करता. तुमचा काढलेला वॉल गॅरेजमध्ये पडला असेल तर हातात घेऊन बघा. खाली अशी चकती दिसली तर तो आजच परत बसवा, किंवा कंपनीच्याच तापमानाचा नवा घ्या, गॅस्केट वा रबर रिंगसकट. वॉलवर छोटं भोक किंवा जिगल पिन असेल तर ती बाजू वर ठेवायची, हवा तिथून निघते. (वॉल काढल्यावर ‘पाणी इतकं जोरात पळतं की थंड व्हायला वेळच मिळत नाही’ असंही ऐकू येतं. तसं काही होत नाही. जास्त प्रवाहाने रेडिएटरचं काम सुधारतंच, खोट बायपासमध्ये आहे.)

हिवाळ्याचं एवढंच सांगतो: पहाटेच्या १४-१५ अंशांत हैदराबाद रोडवर बिनवॉलची गाडी ६० च्या आसपास रेंगाळते. डिझेल जास्त जातं, बीएस ६ गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अडते आणि ईसीयूमध्ये ‘इंजिन पुरेसं तापत नाही’ सांगणारा पी०१२८ हा कोड येऊ शकतो.

आता पाणी. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. पाण्याइतकी उष्णता कूलंट वाहून नेत नाही. निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण लिटरमागे दहा ते पंधरा टक्के कमी नेतं. सोलापुरात पाणी गोठायची भीतीही नाही. पण खरी अडचण पाणी ते हवा या टप्प्यावर असते, त्यामुळे नुसत्या पाण्याने शेवटचा आकडा काही अंशांनीच खाली येतो. त्या मोबदल्यात काय जातं ते बघा. गंजरोधक रसायनं गेली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि पंपाचा पंखा झिजू लागतो. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातले कॅल्शियमचे क्षार सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्ट वॉलच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) भोवती, थर धरतात. त्या थरातून उष्णता जाता जात नाही. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, धातूचं नाही. काटा मध्यावर आणि हेडला तडा, असं घडतं ते यामुळे.

आपल्या हवेसाठी ३५ ते ४० टक्के कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), बाकी डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी हे प्रमाण मला योग्य वाटतं. ३३ टक्क्यांच्या खाली गंजरोधक पातळ पडतात, ५० च्या वर जायचं इथे कारण नाही. बॅटरीसाठी मिळणारं पाणी चालतं, घरच्या आरओचं नको, त्यात क्षार उरतातच. डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालू नका. रंगावर विसंबू नका, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. मॅन्युअलमधला प्रकार आणि डब्यावरचा आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ हा मानक क्रमांक बघा.

बदलताना एक चूक हमखास होते. खालचा प्लग उघडला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये दोन-तीन लिटर पाणी अडकून राहतं. वरून तयार मिश्रण ओतलं की सगळं पातळ होतं. म्हणून एकूण क्षमता १० लिटर असेल तर आधी ४ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग भरेल तेवढं डिमिनरलाइज्ड पाणी. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, वरचा होज (रेडिएटरची रबरी नळी) दाबत सावकाश भरा. वॉल उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा, गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. नंतर तापमानाचा आकडा विनाकारण वरखाली नाचत असेल तर आत हवा राहिली आहे. रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणाचं प्रमाण मोजायचं साधन) मिळाला तर ४० टक्क्यांना गोठणबिंदू उणे २४ च्या आसपास दिसायला हवा.

रेडिएटरच्या झाकणाबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही, आणि मला सर्वात आधी संशय तिथेच येतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. उघड्या भांड्यात इथे पाणी ९८.५ अंशांच्या जवळपास उकळतं. १.१ बारचं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही आणि ४० टक्के मिश्रण त्याहून पाचेक अंश पुढे जातं. झाकणाचं रबर कडक झालं की हे सगळं संरक्षण गेलं. मग घाटात १०० ला वाफ धरते आणि लोक वॉलला शिव्या देतात. गार इंजिनावर होज आत चिपकलेला दिसला तर झाकणाची उलट बाजूची झडप अडकली आहे. झाकण बदलताना जुन्यावरचाच आकडा घ्या (०.९ बार, १.१ बार किंवा १०८ केपीए). जास्त दाबाचं टाकून जुन्या होजची परीक्षा बघू नका.

त्यानंतर रेडिएटरची जाळी. सोलापुरात जाळी जशी भरते तशी फार कमी ठिकाणी भरत असेल. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारं पाचट, फेब्रुवारी-मार्चात ज्वारीच्या मळणीचा भुसा, वर काळ्या मातीची धूळ. हे सगळं एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, आणि बरोबर त्याच वेळी उन्हाळा उभा राहतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून समोरून पाहून ‘जाळी साफ आहे’ म्हणू नका. वरचं कव्हर आणि ब्रॅकेट सोडून रेडिएटर थोडा मागे घ्या, फटीत टॉर्च मारा. पाणी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपने मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्याच्या पात्या वाकतात आणि ती जागा कायमची बंद होते. दरवर्षी मार्चअखेर हे काम करून घ्यावं.

रीमॅपबरोबर मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) पुढे बसवला असेल, त्यावर बुल बार, त्यावर दिव्यांची पट्टी, तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच अडलेली आणि तापलेली असते. कंडेन्सर चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी हवा ४३ ची नाही, पंचावन्नच्या घरातली असू शकते. दिव्यांची पट्टी टपावर न्या, फुकटचा उपाय आहे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच तुटलेलं असेल तर आधी ते बदला. जाड अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर हा शेवटचा खर्च. जाड जाळीतून हवा ओढायला फॅनही तेवढाच तगडा लागतो.

फॅन क्लच तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, चावी काढा आणि फडक्याने पातं फिरवून बघा. एका फेरीच्या आत थांबलं पाहिजे. मोकळं फिरत राहिलं किंवा मधल्या डब्यावर तेलकट ओघळ दिसले तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय. चढावर तापल्यावर फॅनचा घुमणारा आवाज येत नसेल तर तीही तीच खूण.

काट्याचं. कंपन्या काटा मुद्दाम असा बसवतात की साधारण ८० ते १०५ पर्यंत तो मध्यावरून हलतच नाही, ग्राहक घाबरू नये म्हणून. त्यामुळे काटा वर सरकलेला दिसतो तेव्हा निम्मी गोष्ट होऊन गेलेली असते. ओबीडी अ‍ॅडॉप्टर लावून कूलंटचा खरा आकडा (पीआयडी ०५) फोनवर बघा. झाकण ठणठणीत असेल तर घाटात भाराखाली १०५ हा आजार नाही. १०८ ला एसी बंद करून पाय सैल सोडावा, ११५ ला थांबावं. आणि चढावर आकडा एकदम खाली आला तर खूश होऊ नका. पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि कमी आकडा दाखवतो.

घाटात वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर गाडी रेटू नका. एक गिअर खाली घेऊन, पाय हलका ठेवून २,५०० च्या आसपास चढा. पंप आणि फॅन दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतात. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या माध्यमातून जोडणारा भाग) घसरत राहून आपली उष्णता रेडिएटरच्या टाकीतल्या ऑइल कूलरमार्गे त्याच पाण्यात सोडतो. वर पोचल्यावर लगेच बंद न करता दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. गरम झाकण उघडू नका, इंजिनावर बादली ओतू नका.

एवढं करूनही तापलीच, तर गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा होतो का आणि टाकीत बुडबुडे येतात का ते बघा. तसं असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. बाहेर गळती नसताना पाणी कमी होत असेल तर ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने थंड करणारा भाग) तपासून घ्या.

वॉल आणि झाकण बसवून, जाळी साफ करून पुन्हा तुळजापूरला जाल तेव्हा चार आकडे टिपा: पायथ्याला बाहेरचं तापमान, तिथलं कूलंट, माथ्यावरचं कूलंट, आणि एसी चालू होता की बंद. ते इथेच खाली टाका. रीमॅप थोडा उतरवावा लागेल की रेडिएटर बदलावा लागेल, ते त्यावरून सांगता येईल.