आळीची कुंभारीण होत नाही

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर आला आहे: कुंभारीण माशी अंडी घालत नाही, आळीला डंख मारून मातीच्या घरात कोंडते, भोवती गुणगुणते आणि तिच्या ध्यासाने आळीचीच कुंभारीण होते. अवधूताच्या चोवीस गुरूंमधला हा कीटक एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून मलाही प्रिय आहे. पण खाली ‘हे विज्ञानाने सिद्ध झालंय’ असं जोडून तो मुलांना पाठवला जातो, म्हणून लिहितोय.

अंडी घालत नाही? खिडकीच्या ग्रिलवरचं ताजं घर मी उघडून पाहिलं. आत आळी नव्हतीच. लुळे पडलेले, पण न कुजलेले कोळी होते आणि एकाच्या पोटाला चिकटलेलं पांढरट अंडं. तारेसारख्या कमरेची ही काळी-पिवळी कुंभारीण कोळीच आणते. छोटी मडकी घडवणारी वेगळी. ती आळ्या आणते, पण त्याआधी मडक्याच्या छताला धाग्याने अंडं टांगते. म्हणजे कोंडलेली आळी असो वा कोळी, तो पिल्लाचा शिधा असतो.

डंखाने रूप बदलत नाही, भक्ष्य लुळं पडतं. मेलं असतं तर पिल्लू मोठं होईपर्यंत सडलं असतं. आणि हा डंख मुळात अंडी घालायची नळीच. कुंभारणीसारख्या गांधीलमाश्यांचे पूर्वज परजीवी होते, त्याच नळीने यजमान किड्यात अंडी घालायचे. पुढे काही शाखांत ती फक्त विष टोचायला उरली, अंडं तिच्या मुळाशी बाहेर पडू लागलं. म्हणूनच नर डंख मारू शकत नाही.

गुणगुण खरी आहे. ती ओला चिखल थरथरवून पसरवण्याची. घर लिंपून झालं की आई निघून जाते.

राहिला ‘आम्ही डोळ्यांनी पाहिलंय’ हा मुद्दा, आणि तो मी उडवून लावणार नाही. शेजारच्या काकूंनी कढीपत्त्यावरची आळी बरणीत वाढवली. कोष झाला, आणि फुलपाखराऐवजी चिलटाएवढ्या चमकदार माश्या बाहेर पडल्या. काकूंनी पाहिलं ते खरंच होतं. टेरोमॅलस नावाची परजीवी माशी आळीजवळ दबा धरून बसते, आळीने शेवटची कात टाकली की मऊ कोषात अंडी घालते. कोटेशिया या दुसऱ्या परजीवी माशीची रीत निराळी: ती वाढत्या आळीतच अंडी घालते आणि सोबत एक विषाणू सोडते, जो आळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. तिच्या पूर्वजांनी तो सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी आपल्या जनुकांत सामावून घेतला.

काकूंनी कोष टाकलेला नाही. त्याला एक बारीक गोल भोक आहे, आणि आत फुलपाखराचं काही उरलेलं नाही.